बू जासिमची कॉफी आणि आमचा सरकारी कागद

वसईच्या आमच्या आळीत लहान मुलांना बागुलबुवाची भीती घालतात आणि म्हाताऱ्यांना माझी. "गोळी घे, नाहीतर बहरीनची सिस्टर येईल," असं म्हटलं की नव्वदीची माणसं मुकाट तोंड उघडतात. ही सगळी माझ्या मामीची कृपा. मी पहिल्यांदा सुट्टीवर आले तेव्हा तिनं विचारलं होतं, "तू तिकडं नक्की करतेस तरी काय गं?"

मी म्हटलं, "नर्स आहे. म्हातारी माणसं एकटी घाणीत राहत असतील तर त्यांना घरातून काढून आमच्या वृद्धनिवासात आणते."

"त्यांना यायचं असतं?"

"नसतं."

"तरी आणतेस?"

"कागद असतो, मामी. सरकारी."

मामीनं गळ्यातला क्रॉस घट्ट धरला आणि त्याच दुपारी आपल्या आईच्या खोलीला आतून कडी बसवून घेतली. तेव्हापासून आळीत माझं नाव झालं ते झालंच. आता निवृत्त होऊन कायमची परत आले आहे, तर समोरचे पास्कूअंकल मला पाहून काठी टाकून ताठ चालतात. नाताळ अंकाच्या संपादकांनी लिहायला सांगितलं तेव्हा म्हटलं, चला, निदान पास्कूअंकलची भीती तरी जाईल.

आमचं काम सांगते. निवासाचं एक घरभेट पथक होतं आणि त्यात आम्ही तिघं. मरियम ही तिथलीच, बहरीनी, समाजसेविका. बोलायचं काम तिचं. जखमा, साखर, रक्तदाब आणि वास ही खाती माझी. तिसरा ड्रायव्हर कुट्टी. गाडीचा एसी चालू ठेवायचा आणि काहीही झालं तरी घरात यायचं नाही, एवढंच त्याचं काम, आणि ते त्यानं निष्ठेनं केलं. कोणीतरी तक्रार करायचं. कधी शेजारी, कधी मशिदीतले लोक, कधी कोपऱ्यावरचा किराणावाला, की अमुक म्हातारा महिनाभर फक्त बिस्किटं नेतोय. मग आम्ही तीनदा जायचो. पहिल्यांदा बघायला, दुसऱ्यांदा समजवायला, तिसऱ्यांदा डॉक्टरला घेऊन. एवढं करूनही माणूस हलेना आणि जिवाला धोका असेल तर कागद निघायचा, शिक्क्याचा. तो हातात असला की माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध नेता येतं. प्रत्यक्षात चार तास बोलणं आणि चार मिनिटं उचलणं.

इकडे लोकांना वाटतं तिकडे आईबापांना कोणी विचारत नाही. उलट आहे. तिथली घरं माणसांनी भरलेली, म्हातारं माणूस एकटं सापडणंच कठीण. आमच्यापर्यंत पोचायला माणसाला मुलं, सुना, पुतणे, शेजारी अशा सगळ्यांशी भांडावं लागतं. त्यामुळे आमच्याकडे आलेला प्रत्येक जण हट्टीपणात पहिल्या वर्गात पास झालेला असायचा.

आमचे नियम तीनच. नाकाला रुमाल लावायचा नाही. त्याऐवजी गाडीतच नाकपुडीला बाम चोळून घ्यायचा. "घाण" म्हणायचं नाही, "सामान जरा जास्त झालंय" म्हणायचं. आणि पहिल्या भेटीत फ्रिज उघडायचा नाही. हा तिसरा नियम माझ्यामुळे झाला. एका आजोबांचा फ्रिज मी उघडला तर आत सहा जोड चपला. "उन्हाळ्यात पायांना गार लागतं," त्यांनी शांतपणे सांगितलं. मला हसू आवरेना आणि आजोबांनी त्यातलीच एक मला मारली. गार होती खरी.

झिंज भागातल्या दोन बहिणींची गोष्ट तर मरियम अजून लग्नाकार्यात सांगते. शेजाऱ्यांची तक्रार म्हणून गेलो. दारातच कचऱ्याच्या पिशव्या, गादीवर अंड्यांची टरफलं. पण मला काहीतरी खटकलं. टरफलं ताजी होती आणि ओळीत मांडलेली होती. न्हाणीघरात गेले तर ते माझ्या घरच्यापेक्षा स्वच्छ. शेवटी धाकटीनं, म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईनं, कबूल केलं. तक्रारही त्यांनीच केली होती. आमच्याकडे गुरुवारी मच्छी-भात फार छान असतो, असं कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. आम्ही त्यांना घेतलं नाही, पण दर गुरुवारी जेवायला बोलवायला लागलो. थोरली मच्छीला नावं ठेवत दोनदा वाढून घ्यायची.

आता एक गोष्ट सांगते जी मरियम कोणाला सांगत नाही.

आमच्या धंद्यात एक खोटं होतं आणि ते सगळे बोलायचे. "पंधरा दिवस." घर सोडायला माणूस तयार नसेल तर म्हणायचं, पंधरा दिवस चला, घर साफ करून घेऊ, मग परत आणून सोडू. माणूस यायचा. पंधरा दिवसांनी कोणी परत जायचं नाही. घर साफ करायला कोणाला वेळ नसायचा, नातेवाइकांना तेवढंच हायसं वाटायचं आणि फाइलवर "कायम" असं लिहिलं जायचं.

हूरा भागातल्या एका जुन्या इमारतीत उम्म हसन राहायची. उंदरांनी तिची उशी खाल्ली होती. ती माझ्या शब्दावर आली. मी तिचा हात धरून म्हटलं होतं, "पंधरा दिवस, उम्म हसन." ती इमारतच पुढं रिकामी केली आणि पाडली. तिला हे सांगायची हिंमत कोणाची नव्हती, माझी तर नव्हतीच. रोज सकाळी ती विचारायची, "सिस्टर, आज कितवा दिवस?" मी म्हणायचे, "आठवा." ती समाधानानं मान हलवायची आणि उरलेले सात बोटांवर मोजायची. दीड वर्ष मी तिचा आठवा दिवस चालवला. ती आठव्याच दिवशी गेली. याची मला लाज वाटते आणि ती सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट सांगणं खरं होणार नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी बू जासिमचा कागद आला.

बू जासिम म्हणजे जासिमचा बाप. तिथं माणसाला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात. मुहर्रकमध्ये, जिथं विमान उतरताना गच्चीवरचे कपडे हलतात तिथं, त्याचं जुनं घर. वय ऐंशीच्या पुढं, बायको वारलेली, साखर कधीच ताब्यात नाही. तरुणपणी टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान बंद झालं तेव्हा गिऱ्हाइकांनी परत न नेलेले सतरा टीव्ही त्यानं घरी आणले. "अमानत आहे. लोक येतील न्यायला," असं तो म्हणायचा. त्यातल्या कित्येक गिऱ्हाइकांचे नातू आता मोबाइलवर सिनेमे बघत होते. जासिमनं एकदा ते टीव्ही फेकायची गोष्ट काढली, तेव्हापासून त्याला उंबऱ्याच्या आत प्रवेश बंद. बिचारा दर शुक्रवारी दारात डबा ठेवून जायचा. टीव्हींच्या वर कबुतरं राहायची. टीव्हींच्या खाली जे राहायचं ते मी नाताळ अंकात लिहीत नाही.

आणि एक बकरी होती. नाव वरदा, म्हणजे गुलाब. ती सोफ्यावर बसायची आणि बू जासिम जमिनीवर.

आधीच्या तीन भेटींत त्यानं आम्हांला गोड बोलून वाटेला लावलं होतं. पण तिसऱ्या भेटीत डॉक्टरनं त्याच्या उजव्या पायाचं फडकं सोडलं. दोन बोटं काळी पडलेली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाला, "आठवड्याच्या आत उपचार सुरू झाले तर बोटांवर भागेल. नाहीतर गुडघ्याखालून पाय जाईल. आणि या वयात पाय गेला की माणूसही जातो." म्हणून तो कागद.

कागद आमच्या हातात पडला तो बकरी ईदच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी. उद्यापासून ऑफिसं बंद. म्हणजे जे करायचं ते आजच.

सकाळी दहाला पोचलो. बू जासिमनं दार उघडलं, कागदाकडे बघितलं आणि म्हणाला, "या, बसा. आधी गहवा."

गहवा म्हणजे तिथली वेलचीची फिकी कॉफी. तिकडे गहवा झाल्याशिवाय कामाचं बोलणं म्हणजे असभ्यपणा. मरियम बसली, म्हणून मीही एका टीव्हीवर बसले. मरियमनं फाइल शेजारी सोफ्यावर ठेवली. इथंच आमची चूक झाली. सोफा कोणाचा, हे आम्ही विसरलो.

बू जासिम आत जाऊन चोचीची किटली घेऊन येईपर्यंत वरदानं कागद संपवला होता. शिक्का तिनं शेवटी खाल्ला. मी ओढायला गेले तेव्हा माझ्या हातात एक कोपरा राहिला आणि त्यावर फक्त तारीख होती.

मरियमनं ऑफिसला फोन लावला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि तो उतरत चालला होता.

"मोबाइलमधला फोटो चालत नाही म्हणतात," तिनं हळूच इंग्रजीत सांगितलं. "ओरिजिनलच पाहिजे. सही करणारे साहेब लीव्हवर गेले. नवीन पेपर ईदनंतर."

"ईदनंतर म्हणजे?"

"आठवडा. इंशाल्ला."

त्या इंशाल्लाचा अर्थ तीस वर्षांत मला चांगला कळला होता. आठवड्यानं पाय राहणार नव्हता. समोर बू जासिम लंगडत, पायातून वास येतोय त्याचं भान नसल्यासारखा, डाव्या हातात किटली आणि उजव्या हातात कप घेऊन उभा होता. आता आमच्या हातात काहीच नव्हतं. आम्ही निव्वळ पाहुण्या होतो.

त्यानं मला पहिला कप दिला. बिनकानाचा, इवलासा. मी आत बघितलं तर गहव्यावर कबुतराचं एक बारीक पीस तरंगत होतं, आणि कपाच्या काठाला जे लागलं होतं त्याचं नाव नर्सिंगच्या पुस्तकात आहे. नर्स झाले तरी माणूसच आहे मी. तोंडाला लावणं शक्य नव्हतं आणि "नको" म्हणणं त्याहून वाईट. म्हणून मी हसून कप हळूच समोर जमिनीवर ठेवला. म्हटलं, थोडा वेळ ठेवू, मग वरदा पिईल.

बू जासिमनं किटली खाली ठेवली. लंगडत माझ्यासमोर आला, सरळ उभा राहिला आणि गंभीरपणे म्हणाला, "माग."

मला काही कळेना. मी मरियमकडे बघितलं. तिचे डोळे बशीएवढे झाले होते.

"सिस्टर, कप उचलू नका," ती ओठ न हलवता पुटपुटली. "जुनी चाल आहे. आमचे आजोबा सांगायचे. पाहुण्यानं कॉफी न पिता खाली ठेवली म्हणजे त्याला यजमानाकडे काहीतरी मागायचंय. जोवर यजमान हो म्हणत नाही तोवर तो पीत नाही. आणि पाहुणा न पिता उठला तर घराची अब्रू गेली. आजकाल कोणी करत नाही हे."

"मला ठाऊक नव्हतं गं."

"त्याला काय माहीत ते? मागा आता. यल्ला, लवकर."

तीस वर्षं मी माणसं उचलली, कागद दाखवून, थापा मारून. त्या दिवशी पहिल्यांदा एक माणूस माझ्यासमोर उभा राहून म्हणत होता की तू मागशील ते देतो. मी माझ्या मोडक्यातोडक्या अरबीत म्हटलं, "बू जासिम, आमच्या घरी चला. तुमच्या पायासाठी."

त्यानं कपाकडे बघितलं. "किती दिवस?"

आणि सवयीनं, उचलली जीभ लावली टाळ्याला, मी बोलून गेले, "पंधरा."

"तुझा शब्द?"

आता मला उम्म हसन आठवली. पण शब्द तोंडातून गेला होता. "माझा शब्द," मी म्हटलं.

"दिलं," बू जासिम म्हणाला. "पण माझ्या पाहुणीचं काय?"

"कोण पाहुणी?"

त्यानं सोफ्याकडे हात केला. तीन वर्षांपूर्वी अशाच बकरी ईदच्या आदल्या दिवशी वरदा कोणाकडून तरी निसटून त्याच्या दारात शिरली होती. न्यायला कोणी आलं नाही. आपणहून आलेल्या पाहुण्याला का आलास असं विचारायचं नसतं, म्हणून त्यानं तीन वर्षांत तिला विचारलं नव्हतं. आणि पाहुणी घरात असताना यजमानानं निघून जायचं कसं? आपल्याकडे म्हणतात, एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. ही म्हण मी त्याला सांगितली असती, पण अरबीत जमेना.

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशी गत. गाडीपाशी कुट्टी आडवा झाला. "सिस्टर, बकरी मेरा गाडी में नहीं आएगा. मेरा लायसन पेशंट का है, बकरी का नहीं है."

"कुट्टी, ये पेशंट का रिश्तेदार है," मरियमनं सांगितलं.

"तो फिर सीट बेल्ट लगाना पड़ेगा," कुट्टी म्हणाला आणि त्यानं खरोखर लावला. मुहर्रकच्या पुलावरून आमची गाडी गेली तेव्हा शेजारच्या मोटारीतल्या माणसानं बघितलं, नमस्कार केला आणि पुढं गेला.

या सगळ्या गडबडीत तो कप तिथंच जमिनीवर राहिला. तो मी प्यायला हवा होता. मागणं मिळालं की पाहुण्यानं प्यायचं असतं. हे मला मरियमनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

बू जासिमची दोन बोटं गेली, पाय वाचला. वरदाला धोबीखान्यामागच्या अंगणात बांधलं. तिनं पहिल्या दिवशी चार उशांचे अभ्रे आणि निवासाच्या मेट्रनबाईंची ड्यूटीची यादी खाल्ली. यादी गेल्यामुळे त्या आठवड्यात कोणाची कोणती शिफ्ट ते कोणालाच कळेना, आणि स्टाफनं वरदाला गुपचूप गाजरं घालायला सुरुवात केली.

बू जासिम आमच्याकडे आल्यासारखा वागलाच नाही. आम्हीच त्याच्याकडे आलो आहोत असं त्याचं वागणं. सकाळी उशीला टेकून बसायचा आणि डॉक्टर आला की त्यालाच म्हणायचा, "ये, बस. घरचे बरे आहेत ना?" डॉक्टर बसायचा. इंजेक्शन द्यायला गेलेली नर्स वीस मिनिटांनी स्वतःच्या सासूची तक्रार सांगून परत यायची. आणि रोज सकाळच्या खजुराची एक बी तो धुऊन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचा. एक, दोन, तीन. मला कितवा दिवस हे त्यानं कधी विचारलं नाही. त्यामुळे मला आठवा म्हणायची सोयच राहिली नाही.

पाचवी बी ठेवल्यावर मी मेट्रनबाईंकडे गेले. म्हटलं, "यांना पंधरा दिवसांनी घरी सोडायचंय."

"कोणाला? सिस्टर, आपल्याकडून कोणी घरी जात नाही."

"शब्द दिलाय."

"तो सगळेच देतात." त्यांनी फाइलवर आधीच "कायम" लिहून ठेवलं होतं.

सहाव्या बीला मी जासिमला फोन केला. तो म्हणाला, "सिस्टर, राहू दे ना तिकडे. मी पहिल्यांदा रात्री शांत झोपलो." मला त्याचा राग येईना. मीच म्हटलं, "घर साफ करायला मदत कर. मग ठरवू." शुक्रवारी तो दोन पोरगेले मेहुणे आणि एक ट्रक घेऊन आला. मरियम आली, मी आले. कुट्टी चक्क उंबऱ्याच्या आत आला, नाकाला बामाची अख्खी डबी फासून. कबुतरं हाकलली, गाद्या टाकल्या, फरशी चारदा धुतली तेव्हा ती हिरवी आहे हे कळलं. टीव्हींपाशी सगळे थांबले. जासिम एक उचलून ट्रककडे निघाला आणि अर्ध्या वाटेत परत आला. "नाही टाकवत," तो म्हणाला. मग आम्ही सतराही पुसले, भिंतीला लावून रचले आणि ज्याच्या मागं जुनी चिठ्ठी सापडली त्याच्यावर गिऱ्हाइकाचं नाव लिहिलं. घर साफ झालं, पण टीव्हीचं दुकान पुन्हा उघडल्यासारखं दिसायला लागलं.

पंधराव्या दिवशी सकाळी कट्ट्यावर पंधरा बिया होत्या. बू जासिम आंघोळ करून, पांढरा झगा घालून, काठी घेऊन खाटेवर बसला होता. मी चहा दिला, मेट्रनबाईही शेजारी उभ्या होत्या. त्यानं कप घेतला आणि वाकून, हळूच, जमिनीवर ठेवला.

मेट्रनबाईंना वाटलं चहात साखर नाही. मी मात्र ओळखलं. "मागा, बू जासिम," मी म्हटलं.

त्यानं घर मागितलं नाही. म्हणाला, "त्या दिवशी तू मागितलंस, मी दिलं. पण माझी कॉफी तशीच राहिली. पंधरा दिवस माझ्या घरात पाहुण्याचा भरलेला कप पडलाय. मला झोप येत नाही. चल, माझी कॉफी पी. एवढंच मागणं."

मेट्रनबाईंनी रजिस्टर काढलं. पेशंटला बाहेर नेण्याची कारणं छापलेली होती: दवाखाना, कोर्ट, अंत्ययात्रा. कॉफी नव्हती. त्यांनी "दवाखाना"वर खूण केली आणि म्हणाल्या, "दोन तासांत परत आणा. दोघांनाही, यांना आणि यांच्या बकरीला."

घरात शिरताना बू जासिम उंबऱ्यावर थबकला. हिरव्या फरशीकडे, रचलेल्या टीव्हींकडे, कोपऱ्यात चोरासारख्या उभ्या असलेल्या जासिमकडे बघितलं. शिव्या येणार म्हणून आम्ही सगळे भिंतीला लागलो. त्यानं टीव्ही मोजले. सतरा भरले. मग मुलाला म्हणाला, "उभा काय आहेस? खजूर आण."

कप त्यानं स्वतः धुतला, तीनदा, आमच्यासमोर. उजेडाला धरून मला आतून दाखवला. याचा अर्थ पहिल्या दिवशी मी का प्यायले नव्हते ते त्याला पहिल्या दिवसापासूनच माहीत होतं. मी शरमेनं पार मेले. त्यानं ओतलं, मी प्यायले. गहवा इतका कडू होता की कानात आवाज झाला. त्यानं पुन्हा ओतलं. पुन्हा प्यायले. तिकडे रिकामा कप हातात नुसता हलवला की पुरे असा अर्थ होतो. न हलवाल तर यजमान ओततच राहतो.

तिसऱ्या कपाला मरियमनं मला कोपरानं ढोसलं. "सिस्टर, तुमच्या लक्षात येतंय ना? कप हलवलात की भेट संपली. पाहुणे निघतात." आणि पुढं म्हणाली, "यजमान निघत नाही."

माझ्या लक्षात आलं होतं, दुसऱ्याच कपाला. समोर तो म्हातारा किटली धरून माझ्या हाताकडे बघत होता. चेहरा अगदी सभ्य. फाइलवर "कायम" होतं, दोन तासांतला एक उरला होता, माझी नोकरी वर्षभराची राहिली होती. मी चौथा कप प्यायले, केवळ धीर यावा म्हणून. मग कप हलवला.

"पुन्हा या," बू जासिम लगेच म्हणाला आणि इतक्या घाईनं आम्हांला दारापर्यंत पोचवलं की माझी एक चप्पल आतच राहिली.

कुट्टीनं विचारलं, "सिस्टर, पेशंट किधर?"

"पेशंट घर में. खलास."

"और बकरी?"

बकरी गाडीतच होती, बेल्ट लावून. उतरायला तयार नव्हती. गाजरांची चटक. शेवटी तिलाच परत घेऊन आलो, आणि दोन परत आणायचे होते त्यातली निदान एक आणली म्हणून मेट्रनबाईंचा आरडाओरडा निम्म्यावर आला. उरलेला निम्मा मी ऐकून घेतला. जासिम रात्री बापाकडे झोपायला लागला, सकाळी इन्शुलिन तोच टोचायचा, आणि फाइलवरचं "कायम" खोडून तिथं "घरभेट, दर सोमवारी" असं लिहिलं गेलं. आमच्या निवासातून पंधराव्या दिवशी घरी गेलेला माझ्या माहितीत तो एकटाच.

पुढचं वर्षभर मी दर सोमवारी पट्टी बदलायला जायचे. मला आता युक्ती सापडली होती. गहवा आला की कप खाली. "माग," तो म्हणायचा. मी मागायचे: आंघोळ. पुढच्या सोमवारी: साखर बंद. त्याच्या पुढच्या: नखं कापून घ्या. महिन्याभरात शेरास सव्वाशेर भेटला. त्यानं गहवा बंद केला आणि मला थंड पेयाचा डबा द्यायला लागला. मी तो जमिनीवर ठेवून पाहिला. तो शांतपणे म्हणाला, "डब्याला ही चाल लागत नाही." उरलेलं वर्ष मी त्या घरात डबेच प्यायले आणि साखर माझीच वाढली.

शेवटच्या सोमवारी मी सांगितलं की परवा मी वसईला जाते, कायमची. तो उठला, आत गेला आणि बऱ्याच वेळानं किटली घेऊन आला. कप तीनदा धुतला, उजेडाला धरला, भरला आणि माझ्या हातात दिला. मग समोर काठी टेकून, सरळ उभा राहिला आणि वाट बघत राहिला. त्याला वाटत होतं मी आता शेवटचं काहीतरी मोठं मागणार, आणि तरीही त्यानं ओतला होता. ऑफिसला तो कायमचा निवासात यायला हवा होता, हे त्यालाही माहीत होतं, मलाही. या वयात दिवसभर एकटं राहणं, पाय, साखर, सगळं खरंच होतं.

कप खाली ठेवायला मी वाकले नाही. तिथंच उभ्यानं पिऊन टाकला.